पाटी कापलेली मुंबई

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मुंबईवरच्या एका माहितीपटाबद्दल अख्खं पान आलं आहे. सोबत त्याच पटातली चार चित्रं आणि वर ठळक मथळा : '१९५०ची मुंबई – निवांत, स्वच्छ, हसरी'. लेख ज्यांनी लिहिला त्यांचं वय पस्तिशीच्या आत असावं, असा माझा अंदाज. राग अजिबात नाही, उलट कुणीतरी त्या मुंबईकडे बघतंय याचं बरं वाटलं. पण तो पट मी नातवाच्या मोबाईलवर पाहिलाय आणि मोबाईल निघण्याच्या कितीतरी आधी २८ वेळा पाहिलाय, म्हणून चार शब्द लिहितो. चाराचे जास्त झाले तर कात्री आपल्या हातात आहेच.

२८ हा आकडा हवेतला नाही. लालबागजवळच्या एका थिएटरात मी १९६२ ते २००२ अशी चाळीस वर्षं काढली. आधी रिळं गुंडाळणारा पोऱ्या, मग हेल्पर, मग परीक्षा देऊन लायसन्सवाला ऑपरेटर. त्या काळी थिएटरच्या परवान्यातच अट असे की दर खेळाला मुख्य सिनेमाआधी सरकारमान्य पट दाखवायचा. तो यायचा फिल्म्स डिव्हिजनकडून, म्हणजे सरकारच्या माहितीपट खात्याकडून, जे १९४८ साली निघालं. कधी बातम्या, कधी भाताच्या लावणीची माहिती, कधी एखाद्या धरणाचं बांधकाम. थिएटरला त्याचं भाडंही भरावं लागे. दर आठवड्याला नवा पट, दिवसाला चार खेळ. साता चोक अठ्ठावीस. प्रेक्षक बाहेर वडा खात उभे राहायचे, आम्हाला केबिनमधून बाहेर पडायची सोय नव्हती.

लोक या सगळ्याला सरसकट 'इंडियन न्यूज' म्हणत. प्रिंटा थोड्या आणि थिएटरं फार, त्यामुळे एकच प्रिंट फिरत फिरत यायची. आधी मोठी थिएटरं, मग मधली, मग आम्ही. पुराची बातमी पडद्यावर यायची तेव्हा त्या नदीत गुडघाभरही पाणी उरलेलं नसायचं.

आता तारखेचं बोलू. नातवाने दाखवलेल्या तुकड्याला सुरुवातीची पाटीच नाही. पाटी म्हणजे पटाचं नाव, कोणी काढला, कॅमेरा कोणाचा, संकलन कोणाचं. ती कुणीतरी कापली आणि तिथे स्वतःच्या चॅनेलचा शिक्का मारला. मलाही नाव आठवत नाही. चाळीस वर्षांत असे शेकडो पट हातातून गेले, पाट्या डोळ्यांसमोरून सरकल्या आणि विसरल्या. पाटी असती तर आपल्या लेखकाने १९५० लिहिलं नसतं. पण पाटी नसली तरी चित्र बोलतं.

पटाच्या सुरुवातीलाच गेटवे दिसतं, आणि समोर घोड्यावर शिवाजी महाराज. तो पुतळा तिथे बसला २६ जानेवारी १९६१ला. तेव्हा १९५० तिथेच निकालात निघालं. पुढे म्युझियमजवळच्या चौकात काळा घोडा दिसतो, वर सातवा एडवर्ड बसलेला. तो १९६५ साली तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. (आता त्या चौकात घोडा पुन्हा आलाय, २०१७पासून, पण त्याच्यावर राजा नाही.) मग एक इराणी हॉटेल येतं आणि कॅमेरा फळ्यावर थोडा रेंगाळतो. मोबाईलवर बोटांनी मोठं करून बघा, चहाच्या पुढे 'न. पै.' लिहिलंय. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला, आणि जून १९६४मध्ये त्यातला 'नवा' सरकारने काढून टाकला. शेवटी ट्राम. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ३१ मार्च १९६४च्या रात्री. रस्त्यावर तोबा गर्दी होती म्हणतात. मी म्हणतात असं लिहितो, कारण आमचा शेवटचा खेळ चालू होता आणि मला कुणी सोडलं नाही. ते दुखणं अजून आहे.

इथे एक मेख आहे, ती कामातल्या माणसालाच कळेल. पटवाले नेहमीच सगळं नवं चित्रण करत नसत. साठ्यातले जुने तुकडे मधेमधे जोडायचे. म्हणजे ट्राम दिसली म्हणून पट ट्रामच्या काळातला, असं छातीठोक म्हणता येत नाही. पटाचं वय त्यातली सर्वांत नवी वस्तू सांगते, जुनी नाही. या पटातली सर्वांत नवी वस्तू महाराजांचा पुतळा, म्हणून १९६१च्या आधीचा तो नक्की नाही. नंतरचं टोक मी माझ्या आठवणीवर लावतो. आमच्याकडे प्रिंट आली तेव्हा पाऊस चालू होता आणि ट्राम बंद होऊन तीन-चार महिने झाले होते. ट्राम पडद्यावर आली की पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त रांगांतून, शिट्ट्या पडायच्या. काल-परवापर्यंत जिच्या दांड्याला लोंबकळत आलो ती गाडी अचानक 'जुनी मुंबई' झाली होती, आणि लोक तिला बघून शिट्टी वाजवत होते. म्हणजे १९६४चा पावसाळा. आपल्या लेखातून चौदा वर्षं वजा झाली, ती कृपया परत करावीत.

रंगांबद्दल थोडक्यात. पट काळा-पांढरा आहे. मोबाईलवरचा रंगीत आहे, कारण यंत्राने अंदाजाने रंग भरलेत. बेस्टची लाल बस चॉकलेटी झालीय, टॅक्सीचा पिवळा टप हिरवट, आणि बायकांची सगळी लुगडी फिकट निळी, जणू दादरपासून भायखळ्यापर्यंत एकाच दुकानातून ठोक भावात घेतलेली. माझ्या आईकडे दोन लुगडी होती, एक हिरवं आणि एक वांगी रंगाचं. निळं नव्हतं.

वेगाचंही तेच. आपल्या लेखात एके ठिकाणी 'निवांत मुंबई' आहे आणि चार ओळींनंतर 'माणसं किती झपझप चालत' असं कौतुक आहे. दोन्ही कसं जमणार? मुक्या सिनेमांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा अशा चौकटी पडत, आणि तेच चित्र बोलपटाच्या मशीनवर सेकंदाला २४ चौकटींनी लावलं की माणसं तुरुतुरु पळू लागतात. पण हा पट बोलपटांच्या काळातला, २४चाच. मिनिटाला ९० फूट, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. इथे माणसं पळतात याचं कारण एवढंच की दहा-अकरा मिनिटांचा पट कुणीतरी दाबून सातात बसवलाय. मुंबईकर चालायचा भरभर, ते खरं. पण त्या पळण्यावरून त्याची चाल ठरवू नका.

'निवांत' या शब्दावर मात्र मला जरा थांबावं लागेल.

त्या काळचा असला कॅमेरा चालू झाला की शिवणयंत्रासारखा वाजायचा. रस्त्यावर चित्रण करताना बहुतेक आवाज घेतच नसत. मुकं चित्र आणायचं आणि नंतर स्टुडिओत निवेदन, सतार-सनई, असलाच तर एखादा हॉर्न चिकटवायचा. निवेदन निरनिराळ्या भाषांत व्हायचं, आमच्याकडे मराठी यायचं. त्या मराठीत कामगार कामाला जात नसे, 'प्रस्थान' करत असे. तरी तो एक माणसाचा आवाज होता. मोबाईलवाल्याने तोही काढून पियानो लावलाय, लहान बाळ निजवताना लावतात तसला. आपल्या लेखकाने त्या पियानोवर मान डोलवत १९६४चं लालबाग पाहिलं, आणि त्यांना ते निवांत वाटलं. वाटणारच.

त्या रस्त्यावर आवाज काय होता ते सांगतो. पहाटे गिरण्यांचे भोंगे. एक नाही, एकामागून एक. प्रत्येक गिरणीचा सूर वेगळा. आमच्या चाळीतल्या बायका झोपेतच ओळखायच्या कुठला वाजला, आणि त्यावरून भाकरी तव्यावर टाकायची की अजून पाच मिनिटं आहेत ते ठरायचं. घरात घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं. ट्रामची घंटा, जी ड्रायव्हर पायाने दाबायचा, आणि रुळात कुणाची हातगाडी अडकली की तो नुसता त्या घंटेवर नाचायचा. हातगाडीवाल्याचं 'बाजू, बाजू'. पिंजाऱ्याच्या तारेचा टणत्कार. कल्हईवाला. बोंबीलवाली, तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर चुलीपाशी पोचायचा. आणि साच्यांचा, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचा, आवाज. गिरणीच्या भिंतीला लागून चालत गेलात तर तो कानात नाही, पायात यायचा. माझे वडील साच्यावर होते. घरी आले की ते आमच्याशी ओरडूनच बोलत. आम्हा पोरांना वाटायचं रागावलेत. पुष्कळ वर्षांनी कळलं की त्यांना आम्ही ऐकूच येत नव्हतो.

लेखात एका चित्राखाली 'सकाळच्या धुक्यातलं परळ' असं आहे. थंडीत मुंबईला थोडं धुकं पडतं, नाही म्हणत नाही. पण त्या चित्रात मागे चिमण्या उभ्या आहेत, मोजा. ते धुकं वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचं आणि कपडे पुन्हा धुवावे लागायचे.

आता गिरणीच्या दरवाज्याचा शॉट. आपण तो पानाच्या मध्यावर छापलाय आणि खाली फक्त 'गिरणी कामगार' लिहिलंय. हा शॉट आहे म्हणूनच मी पट ओळखला. पाळी सुटते, दरवाज्यातून माणसांचा लोंढा येतो. कुणाच्या टोपीवर, कुणाच्या केसांत कापसाचे पुंजके. डावीकडून वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यातल्या बायका वेगळ्या घोळक्याने बाहेर पडतात. दारवान एकेकाची झडती घेतोय. उजवीकडे पान-विडीचं दुकान आणि त्याच्या फळीला टेकून उभा असलेला एक पोरगा, जो थेट कॅमेऱ्यात बघतो. 'कॅमेऱ्यात बघू नका' असं पटवाले ओरडून सांगत असत. लहानपणी मी त्यांचं चित्रण पाहिलंय, तिकाटण्यावर कॅमेरा, वर काळी छत्री, आणि सतत तोच आरडाओरडा. म्हणून त्या पटांतली माणसं लग्नाच्या वरातीत चालल्यासारखी ताठ चालतात. पण एखादा पोरगा ऐकत नाही. हसरी मुंबई म्हणून आपण मथळा दिलाय तो बहुधा याच पोराच्या जोरावर. तो हसतोय, कारण त्याच्यासमोर छत्रीखाली एक माणूस घामाघूम होऊन ओरडतोय.

तर, गिरणी कुठली? आमचं थिएटर म्हणजे गिरणगावचं पोट. पहिल्या पाळीची माणसं सहाच्या खेळाला, रात्रपाळीची दुपारच्याला. पहिल्याच दिवशी हा दरवाजा पडद्यावर आला आणि पिटातून कुणीतरी ओरडलं, "मोरारजी!" लगेच मागून दुसरा, "हॅट, इंडिया युनायटेड, एक नंबर!" पुढचा सिनेमा सुरू झाला तरी भांडण चालूच. दुसऱ्या दिवशी बातमी पसरली होती. लोक वडे टाकून 'इंडियन न्यूज' बघायला आत येऊन बसू लागले, हे आमच्या थिएटरच्या इतिहासात पहिल्यांदा आणि शेवटचं. प्रत्येक खेळाला तोच वाद आणि त्यावर चहाच्या पैजा. एकाने तर्क काढला की एवढा कापूस डोक्यावर आहे म्हणजे हे सूत खात्याचं दार. दुसरा म्हणाला की पानवाल्याच्या फळीवर दिवा आहे तो आमच्याच नाक्यावर होता. आमचा डोअरकीपर पूर्वी बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) गिरणीत होता, त्याने तिसरीच गिरणी सांगितली आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या.

मुश्कील अशी की शॉट जेमतेम बारा-तेरा सेकंदांचा. नीट बघेपर्यंत गेला. लोक केबिनकडे मान वळवून ओरडत, "मास्तर, परत!" मी तेव्हा हेल्पर. आमचे मोठे ऑपरेटर कोल्हापूरकडचे, तिरसट माणूस, खिडकीतून खाली बघायचेसुद्धा नाहीत. कार्बनच्या काड्या पुढे सरकवत बसायचे. पडद्यावरचा उजेड त्या दोन काड्यांच्या ठिणगीवर चालायचा, अंतर जरा चुकलं की पडदा पिवळा. शनिवारी रात्रीच्या खेळाला मॅनेजर लवकर घरी गेला. दरवाज्याचा शॉट गेला, पट संपला, आणि पिटातून पुन्हा, "मास्तर, परत!" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गुंडाळ रे."

मी हाताने इतकं जोरात रीळ कधी गुंडाळलं नव्हतं. सगळा पट पुन्हा लागला. गंमत अशी की या वेळी कुणी ओरडलंच नाही. एवढं मोठं थिएटर, शनिवारची रात्र, निम्मे लोक थोडे घेतलेले (दारूबंदी कागदावर होती), आणि मशीनची खडखड सोडून आवाज नाही. जो तो दरवाज्याची वाट बघत होता. दरवाजा आला. मग पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठून उभा राहिला, हात लांब करून. तो जॉबर होता, म्हणजे गिरणीतला मुकादम, निवृत्त. त्याने दारवानाकडे बोट केलं आणि त्याचं नाव घेतलं. नुसतं नाव. म्हणाला, याचा उजवा खांदा बघा, पडलेला आहे, मी याच्याबरोबर तीन वर्षं तंबाखू मळलाय. मग त्याने गिरणीचं नाव सांगितलं. कुणी वाद घातला नाही. खेळ सुटायला चौदा-पंधरा मिनिटं उशीर झाला. सोमवारी मॅनेजरने मास्तरांचा एक दिवसाचा पगार कापला. मास्तर मला म्हणाले, तुझा अर्धा. मी दिला.

हे सगळं सांगतोय, कारण आपल्या लेखात त्या चित्राखाली फक्त दोन शब्द आहेत. आणि त्या दोन शब्दांत चूक काहीच नाही, हीच अडचण आहे.

पटात काय नाही हेही लिहायला हवं. लेखकाने म्हटलंय की त्यात मुंबईचं 'संपूर्ण दैनंदिन जीवन' आहे. डबेवाले आहेत, चौपाटी आहे, चर्चगेटला उतरणारे बाबू आहेत, राणीच्या बागेतला हत्ती आहे. खोली नाही. दहा बाय दहाची खोली, जिच्यात तीन पाळ्यांची माणसं राहायची. एकाची वळकटी उठली की त्याच जागेवर दुसऱ्याची पसरायची. रात्रपाळीवाला दिवसा तोंडावर टॉवेल टाकून झोपायचा आणि पोरं त्याला ओलांडून जायची. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि त्यांच्यासमोर टमरेलांची रांग. माणूस नाही, टमरेल नंबर लावायचं. १९६१च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ४१ लाखांवर होती. २०११ला ती १ कोटी २४ लाख झाली, म्हणून तेव्हाचे रस्ते आज मोकळे दिसतात. पण मोकळे रस्ते दिसतात कारण माणसं गिरणीत होती किंवा त्या खोल्यांत झोपली होती. कॅमेरा तिथे शिरला नाही. शिरला असता तरी उजेड पुरला नसता.

आणि खाणावळवाली नाही. डबा दिसतो, डब्यात भाजी घालणारी दिसत नाही. माझ्या आईकडे १४ माणसं जेवायची. त्यांच्या बायका-पोरं गावी, कोकणात किंवा घाटावर. पहाटेच्या पाळीसाठी चारला चूल पेटायची, रात्रपाळीवाल्यांचं ताट मध्यरात्रीपर्यंत झाकलेलं असायचं. चौदा जणांची आवड वेगळी. कोकणातल्याला भात हवा, साताऱ्याच्याला भाकरी, आणि रविवारी मटणात नळी कुणाला गेली यावर आठवडाभर रुसवा. हिशेब वहीत. आईला लिहिता येत नव्हतं. ती प्रत्येकासाठी एक खूण काढायची : कुणाला छत्री, कुणाला मासा, एकाला नुसतं टिंब, कारण तो कधी बोलायचाच नाही. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा या कामाला लोक धंदा म्हणायला लागले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारे गावी गेले, काही परत आलेच नाहीत. ती वही माझ्याकडे आहे. सात खुणांपुढे पैसे अजून बाकी आहेत.

असो. माझी मागणी छोटी आहे.

आपल्याकडे चार चित्रं आहेतच. दर रविवारी एक छापा, मोठं, खाली काहीही न लिहिता. आणि वाचकांना विचारा की हे कुठलं, हे कोण. गिरणगावातली माणसं आता गिरणगावात नाहीत. कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी परत गावी कणकवलीला. पण आपलं वर्तमानपत्र तिथे जातं. जी उत्तरं येतील ती चित्रासोबत जपून ठेवावीत, आणि एक प्रत तिथे पाठवावी जिथे मूळ पट असेल. फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं तर जन्मसालही १९६४च आहे. तिथे शिकलेली माणसं आहेत, रीळ तपासतील, धुतील, डिजिटल करतील. पण दारवानाचा पडलेला खांदा त्यांना कोण सांगणार?

रीळ म्हणजे काही दगड नव्हे. जानेवारी २००३मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या काळापासूनचं पुष्कळ गेलं. आमच्या वेळची रिळं तशी भडकत नाहीत, ती आंबतात. डबा उघडला की शिरक्याचा वास येतो, मग पट्टी आक्रसते, वेटोळं सुटत नाही. मी निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या गोडाऊनमध्ये असे सहा डबे होते. कुणाला विचारू कळेना. नंतर भंगारवाला घेऊन गेला. त्यात काय होतं ते माहीत नाही, कारण डब्यांवरच्या पाट्याही पुसल्या होत्या.

पत्र मोठं झालं. कापायचं तर खुशाल कापा, फक्त एक सांगतो. आमच्या पट्टीवर चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसतो, वीस-एकवीस चौकटी पुढे असतो. चित्र बघून कात्री लावली की आवाज भलत्याच माणसाचा कापला जातो. तेव्हा जपून.

या पत्रासोबत एक लहान पाकीट आहे, डिंकाने बंद केलेलं. आत एका चिठ्ठीवर गिरणीचं नाव आहे आणि दारवानाचंही, त्या शनिवारी रात्री जॉबरने सांगितलं तसं. आत्ता उघडू नये. आधी दरवाज्याचं चित्र छापा, वाचकांची पत्रं येऊ द्या, मग उघडून ताडून बघा. माझं चुकलेलं निघालं तर तेही छापा. चहा माझ्याकडून.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता पाकिटाच्या मागे आहे, छापू नये.)